तेवीस कौलं

मराठी लेखकाचा हंगाम शेतकऱ्यासारखाच जूनमध्ये सुरू होतो. फरक एवढाच, की शेतकरी पेरतो आणि लेखक "होतच आलंय" असं सांगतो. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण पुढच्या शंभर वर्षांच्या लेखकांचे पावसाळे नासवतोय याची त्या भल्या गृहस्थाला कल्पना नसणार. माझ्या संपादकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारलं, "काय म्हणतोय लेख?" तिसऱ्या आठवड्यात, "लेखाचं काय?" जुलै लागल्यावर नुसतंच, "काय?"

लेख काहीच म्हणत नव्हता. टेबलाशी बसलो की मला नखं कापायची आठवण व्हायची. चार दिवसांत कापण्यासारखी नखं उरली नाहीत, तेव्हा मी पेनं साफ करायला घेतली आणि टेबलक्लॉथ निळा केला. बायको म्हणाली, "कुठेतरी जाऊन ये." हे तिने माझ्या साहित्याच्या काळजीपोटी म्हटलं, असं मी धरून चालतो.

निसर्गात गेलं की लिहून होतं, हे माझं फार जुनं मत. समोर समुद्र, हातात चहा, मांडीवर वही, आणि मधूनमधून क्षितिजाकडे बघणं. जागाही लगेच सुचली: मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. तिथे जायला गाडी कोणती, तर तुतारी एक्सप्रेस. दादर ते सावंतवाडी धावणाऱ्या या गाडीला २०१७ साली केशवसुतांच्याच कवितेचं नाव दिलं गेलं. कवीच्या गावाला कवितेत बसून जायचं, हा योग मला इतका काव्यमय वाटला की तिकिटावरची तारीख नीट बघायची राहिली.

ही गाडी दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे तेरा तारखेचं तिकीट असेल, तर बारा तारखेला जेवून निघायचं. मी तेरा तारखेला जेवून निघालो. वही, तीन पेनं, छत्री आणि चिवडा घेऊन साडेअकराला फलाटावर हजर. तपासनिसांनी तिकीट पाहिलं, मग मला पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "काका, तुमची गाडी काल गेली."

माझ्या लेखनाचं इतकं नेमकं समीक्षण आजवर कोणी केलेलं नाही.

रत्नागिरीपर्यंत जनरलच्या डब्यात एका पायावर गेलो. दुसरा पाय ठेवायची जागा चिपळूणनंतर मिळाली. पुढे एस.टी.ने गणपतीपुळे, तिथून मालगुंड, आणि मालगुंडच्या पलीकडे एका वाडीत 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी असलेलं चिरेबंदी कौलारू घर. मालकीण आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. मी लेखक आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आणि पोटापाण्याला काय करता?"

पहिल्या दिवशी समुद्र बघितला. जुलैतला समुद्र क्षितिज वगैरे दाखवत नाही. मळकट पाण्याची एक भिंत उठते, कोसळते, पुन्हा उठते. वही पाच मिनिटांत भिजली. मग निदान ताजी मासळी तरी खावी म्हटलं, तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झापांखाली झोपलेल्या. निसर्गही आपली कामं बंद ठेवून बसला होता, आणि मी त्याच्याकडे काम मागायला आलो होतो.

रात्री बेडूक सुरू झाले. वहीत लिहिलं: 'निसर्गाची अखंड मैफल.' त्यानंतरची नोंद पहाटे तीनची आहे. ती छापण्याजोगी नाही.

दुसऱ्या दिवशी केशवसुतांच्या स्मारकात गेलो. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आवारात केशवसुतांच्या कविता दगडात कोरून उभ्या केल्या आहेत. कवितेने दगडात जाऊन उभं राहावं आणि माझा लेख कागदावरही टेकू नये, याचं वाईट वाटून घेत मी हिंडत होतो. एवढ्यात समुद्राकडून वारा आला आणि छत्री उलटी करून गेला. हाच तो नैर्ऋत्येचा वारा. त्याच्यावर केशवसुतांची एक कविताच आहे, 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास'. त्याला किती मायेने हाक मारली आहे त्यांनी! पण ती मारली गावापासून लांब असताना. पोटासाठी मास्तरकी करत मुंबई, फैजपूर, धारवाड असं फिरत वयाच्या चाळिशीच्या आत हा माणूस गेला. हाती उरल्या उण्यापुऱ्या १३५ कविता. गावाचा वारा त्यांना आठवत होता. मी त्या वाऱ्यात प्रत्यक्ष उभा होतो आणि मला फक्त छत्रीची किंमत आठवत होती.

त्यानंतरचे तीन दिवस मी जेवलो. टाकळ्याची भाजी, कुळथाचं पिठलं, मऊ भात, आठळ्या घातलेलं अळूचं फतफतं. जेवल्यावर पडवीत आडवा व्हायचो. पन्हळीची धार ऐकत ऐकत एखादं वाक्य डोळ्यासमोर यायचं, आणि ते पुरं व्हायच्या आत चार वाजलेले असायचे. निसर्गाने प्रतिभा जागी होते म्हणतात. माझी तर बिचारी कधी नव्हे ती शांत झोपली. दरम्यान आजी 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या.

सहाव्या दिवशी सकाळी डोक्यावर एकदम दगडांचा पाऊस पडावा तसा आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर छपरावर वांदरं. कोन्यापासून पागोळीपर्यंत घसरगुंडी चालली होती. एक कौल माझ्यासमोर येऊन फुटलं. आत वहीवर टप टप गळू लागलं. 'निसर्गाची अखंड मैफल' पाहता पाहता वाहून गेली. आजी काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन अंगणात उतरल्या आणि त्यांनी त्या कुळाचा असा उद्धार केला की दोन वांदरं खरोखर थांबून ऐकत राहिली.

वांदरं गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "लेखक आहेस ना? मग लिही अर्ज. सरपंचांना."

सहा दिवसांत पहिल्यांदाच मला कोणी काम सांगत होतं. मी ऐटीत बसलो आणि लिहिलं: 'आपल्या हिरव्यागार वाडीच्या निसर्गरम्य परिसरात गेले काही दिवस मर्कटांनी...'

"वाच."

वाचलं.

"हिरवीगार आहे ते सरपंचांना माहीत आहे. ते इथलेच. आणि मर्कट कोण?"

"वांदर."

"मग वांदर लिही."

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. 'आज मंगळवारी सकाळी साडेसात वाजता सात वांदर आले. पैकी एका वांदरिणीच्या पोटाशी पिल्लू होतं. एकूण तेवीस कौलं फुटली. न्हाणीघरावरची नऊ, पडवीवरची चौदा. मांडवावरची पडवळं खाल्ली नाहीत, नुसती तोडून टाकली. गेल्या वर्षी अर्ज केला होता, त्याची पोच माझ्याकडे आहे. माझं वय झालं. मी छपरावर चढू शकत नाही.'

मी शेवटी 'तरी या गंभीर बाबीची सहानुभूतिपूर्वक दखल घेण्यात यावी' असं घातलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि तेवढ्यावर बोट ठेवलं. "हे कशाला?"

"पद्धत असते."

"छपरावर चढू शकत नाही म्हटल्यावर संपलं की."

मी ती ओळ खोडली. माझ्या आधीच्या तीन पुस्तकांत मिळून क्रियापदांनी एवढं काम केलं नव्हतं. बायकोला सांगू नका, पण अर्जाची एक नक्कल मी स्वतःसाठी करून घेतली.

त्या दुपारी मी झोपलो नाही. पडवीत गळतीखाली एक पातेलं ठेवलं, बाजूला कोरडी जागा बघितली आणि आजींच्या बाजारहिशोबाच्या वहीची मागची पानं मागून घेऊन बसलो. तिन्हीसांजेपर्यंत नऊ पानं झाली. त्यात क्षितिज एकदाही आलं नाही. दोन ठिकाणी 'निसर्गरम्य' लिहिलं होतं. दोन्ही वेळा आजींचं बोट आठवलं.

मुंबईला येऊन लेख पाठवला. मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. संपादकांचं एका शब्दाचं उत्तर आलं: "पोचला."

परवा आजींचा फोन आला. अर्जाची शिक्का मारलेली पोच मिळाली म्हणाल्या, आणि वांदरं काल पुन्हा येऊन गेली.

"किती कौलं?" मी विचारलं.

"सोळा. नवीन घातलेलीच. पेन आहे का जवळ? घे लिहून."