लंडन, वाघोलीमार्गे

आमचा लंडनमधला मुक्काम म्हशींनी ठरवला. भाचीचा पदवीदान समारंभ डिसेंबरात आहे आणि मामा-मामींनी आलंच पाहिजे हा तिचा हट्ट. व्हिसा सहा महिन्यांचा मिळाला, पण शेजारच्या पोरानं धारा काढायचं कबूल केलं ते सहाच दिवस. "सातव्या दिवशी मी न्हाई बघा, गुरुजी," असं त्यानं बजावलंय. जायला एक दिवस, यायला एक. हाती राहिले चार.

चार दिवसांत लंडन कसं पाहायचं हा प्रश्न मी चुकून पारावर काढला. संध्याकाळपर्यंत वहीत सव्वीस ठिकाणं झाली. तात्यांनी कोहिनूर सांगितला, "आपला हाय त्यो, हिशेब घिऊन ये," या पुरवणीसह. एकाला लॉर्ड्सचं मैदान हवं होतं. डिसेंबरात तिथं क्रिकेट नसतं, नुसतं गवत असतं, हे त्याला पटलं नाही. दुसऱ्यानं महाराजांची वाघनखं पाहून यायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, ती लंडनच्या संग्रहालयातून 2024 च्या जुलैत साताऱ्याला आली होती की, तेव्हा कोण कोण गेलं होतं पाहायला? पारावर शांतता पसरली. "त्या टायमाला पेरण्या व्हत्या," एवढं एक उत्तर आलं. तिसऱ्याचं म्हणणं, लंडनहून पॅरिसला रेल्वेनं सव्वादोन तास लागतात, मग एवढ्या लांब गेल्यावर ते तरी कशाला ठेवायचं? पॅरिसला वेगळा व्हिसा लागतो हे ऐकल्यावर त्यानं इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही नावं ठेवली आणि यादी सव्विसावरच थांबली.

सव्वीस म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. रांजणगाव आमच्या शेजारी. अष्टविनायकाच्या गाड्या तिथं रोज उतरताना पाहतो. दीड दिवसात आठ गणपती. त्यातले पाली आणि महड थेट रायगड जिल्ह्यात, सिद्धटेक भीमेपलीकडे नगर जिल्ह्यात, आणि शास्त्राप्रमाणे जायचं तर सुरुवात मोरगावहून करून शेवट पुन्हा मोरगावलाच. एकदा रसाच्या गाड्यावर एका काकूंनी मला विचारलं, "हा पाचवा का हो?" मी म्हटलं, तुमचे कुठले कुठले झाले? त्यांनी बोटं मोजली. "लेण्याद्री झालं, तिथं पायऱ्या होत्या. ओझरला पार्किंग चांगलं होतं. आणि एका ठिकाणी यांची चप्पल गेली." ती कोणत्या गणपतीला गेली यावर नवरा-बायकोत वाद लागला, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि त्या अर्धा ग्लास रस टाकून पळाल्या. उद्या निमोण्याला परत आल्यावर मलाही राजाच्या राजवाड्याबद्दल पार्किंगपलीकडे काही सांगता आलं नाही तर?

तरीही मोह सुटला नाही. एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. सव्वीस ठिकाणं समोर ठेवली आणि शाळेचं वेळापत्रक आखलं. पस्तीस मिनिटांचा तास. पहिला तास राजवाडा, दुसरा तास मोठं घड्याळ, मधली सुट्टी, मग नदी. शेवटचा तास ऑफ ठेवला, तिथं बायकोनं 'खरेदी' लिहिलं. वेळापत्रकाचा फोटो भाचीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. हसू आवरल्यावर म्हणाली, "मामा, मी हाउन्स्लोला राहते. नुसतं शहराच्या मध्यात पोचायला पाऊण तास. तुमचा पहिला तास आणि दुसऱ्यातली दहा मिनिटं गाडीतच." शाळेत मुलं वर्गातच असतात, त्यांना आणायला जावं लागत नाही, हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

पुढे तिनं सूर्याचं सांगितलं. डिसेंबरात लंडनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत-बाहेर मावळतो. म्हणजे दुपारच्या चहालाच दिवेलागण. त्यात घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास. मी रात्री साडेनऊला आडवा होतो, तेव्हा तिथं चार वाजलेले असणार. थोडक्यात, सूर्य आणि मी एकदमच मावळणार. आणि पहाटे साडेचारला धारेसाठी जाग येते, तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे अकरा. त्या वेळी कुठलंही संग्रहालय उघडं नसतं, मी विचारून घेतलं.

संग्रहालयांचं एक बरं आहे, मोठी बहुतेक फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियमसुद्धा. फुकट म्हटल्यावर मी ते पूर्ण पाहायचं ठरवलं होतं. तिथं ऐंशी लाखांच्या आसपास वस्तू आहेत, पण मांडलेल्या जेमतेम एक टक्का, म्हणजे ऐंशी हजार. मग फळ्यावर गणित सोडवावं तसं सोडवलं: एका वस्तूला दहा सेकंद, तर दोनशे बावीस तास. दहा ते पाच उघडं असतं, रोजचे सात तास. न जेवता बत्तीस दिवस. आणि म्हशी सहा दिवसांच्या.

खरी पंचाईत चौथ्या दिवसाची झाली. पारावर दोन गट आहेत, हे सांगायला नकोच. एका गटाचं म्हणणं, किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर पाहिल्याशिवाय परत येऊ नका. बाबासाहेब 1921–22 मध्ये तिथं राहिले, 2015 मध्ये आपल्या सरकारनं ते विकत घेतलं. दुसऱ्या गटाला हायगेटचं इंडिया हाउस हवं, श्यामजी कृष्ण वर्मांनी 1905 मध्ये सुरू केलेलं, जिथं सावरकर राहिले. मी नकाशा काढला. दोन्हीकडे जाणारी भुयारी रेल्वे एकच, नॉर्दर्न लाइन. फक्त कॅम्डेन टाउन स्टेशनला ती फुटते. एक फाटा बाबासाहेबांच्या घराकडे, दुसरा हायगेटला. थेट आमच्या पारासारखी. गाडीच्या कपाळावरची पाटी न वाचता बसलं की माणूस भलत्या गटात जातो. चौफुल्याला चुकीच्या एसटीत बसून मोरगावऐवजी सोलापूरकडे निघालेला मी माणूस आहे, मला ही धास्ती खरी वाटते. (चौफुल्याला मी केवळ गाडी बदलायला उतरलो होतो. तिथं उतरण्याची इतरही कारणं असतात, ती इथं नकोत.)

भाडं कसं, ते तात्यांना समजावताना दमछाक झाली. कंडक्टर नाही. रेल्वेत शिरताना बँकेचं कार्ड टेकवायचं, बाहेर पडताना तेच पुन्हा टेकवायचं. बसला चढताना टेकवलं की झालं. आणि दिवसाची एक मर्यादा असते, तेवढे पैसे कापले गेले की त्या दिवशी पुढं कितीही फिरा, जास्त कापत नाहीत. "मग तेवढं झालं की गाडीतच बसून ऱ्हा ना दिवसभर! ऊब बी मिळंल," तात्या म्हणाले. सव्वीस ठिकाणांच्या यादीपेक्षा हा बेत बरा होता, पण बायकोनं हाणून पाडला.

शेवटी वही तिनंच हातात घेतली. अकरा वाऱ्या पायी केलेली बाई. म्हणाली, "माउली आळंदीहून पंढरपूरला जातात, अडीचशे किलोमीटर. अठरा-वीस दिवस लावतात. पुण्यात दोन रात्री, सासवडला दोन रात्री. वाटेत विसावा, दुपारचं जेवण, मग मुक्काम, सगळं आधी ठरलेलं. म्हणून तर लाखो माणसं पोचतात. आणि तुम्ही दोन माणसं घेऊन पस्तीस मिनिटांत राजवाडा बघणार?" मग माझ्या वेळापत्रकावर एक आडवी रेघ ओढून तिनं खाली चार ओळी लिहिल्या.

पहिला दिवस भाचीचा, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियम, जेवणापर्यंत. पाय बोलायला लागले की बाहेर. तिसऱ्या दिवशी पार्लमेंटच्या घड्याळापासून नदीच्या काठानं टॉवर ब्रिजपर्यंत चालत, चारेक किलोमीटर. वाटेत जे दिसेल ते दिसलं, कोहिनूर उघडा असला तर तोही. चौथ्या दिवशी सकाळी कॅम्डेन टाउनचे दोन्ही फाटे, गाडीची पाटी ती वाचणार. दुपारी विसावा. विसाव्याच्या पुढे कंसात बारीक अक्षरात 'खरेदी' आहेच.

सव्विसातली सहा-सात ठिकाणं उरली. पारावर अजून सांगितलेलं नाही.

एवढं सगळं बसलं. मुंबईचं विमान दुपारचं, त्याच्या तीन तास आधी विमानतळावर हवं. लंडनपर्यंतचे साडेनऊ-दहा तास ठरलेले, हाउन्स्लोची गाडी ठरलेली, म्युझियमच्या वेळा पाठ. बेतात एकाच ठिकाणासमोर वेळ लिहिता आलेली नाही, ते नगर रोडवरचं वाघोली. तात्या म्हणतात आदल्या रात्री निघा, भाची म्हणते पहाटे तीनला. तर मंडळी, डिसेंबरात आम्ही निघणार त्या गुरुवारी पहाटे तुमच्यापैकी कुणी पुण्याहून शिरूरकडे येत असेल, तर वाघोलीत किती वेळ लागला तेवढं फोन करून सांगा. आम्ही गाडीत बॅगा भरून दारातच उभे असू.