सुट्या भागांची हौस

स्पोर्ट्स कार घरी बांधायची हौस फोफावली ती करापायी. 1957 साली कॉलिन चॅपमनने ‘लोटस सेव्हन’ आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणजे गिऱ्हाइकानेच गॅरेजात नटबोल्ट आवळत बसायचं. सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागणार, म्हणून चॅपमनने म्हणे गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या. त्या शेवटाकडून वाचायच्या! असा माणूस आमच्या सोसायटीला सेक्रेटरी म्हणून हवा होता.

आता हीच गाडी विजेवर बांधायची टूम निघाली आहे. कल्पनांना तोटा नाही. कुणाला चार चाकांना चार मोटारी हव्यात, कुणाला इंजिनाचा खोटा आवाज काढणारा स्पीकर. बॅटरीचं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘अपघातातल्या निसान लीफची काढून घालू.’

पण मूळ सेव्हन भरायची जेमतेम पाचशे किलो. टेस्लाच्या 2008 च्या रोडस्टरमध्ये 6,831 सेल होते आणि नुसती बॅटरीच साडेचारशे किलोच्या घरात. आता सेव्हन बनवणाऱ्या केटरहॅमने 2023 मध्ये विजेवरची सेव्हन प्रयोग म्हणून दाखवली, तेव्हा तिला 700 किलोच्या आत ठेवणं हेच मोठं काम होतं.

वजनाचं एक वेळ सोडा. पेट्रोलच्या गाडीत वायरिंग चुकलं तर बहुतेक वेळा गाडी बंद पडते. इथे साडेतीनशे-चारशे व्होल्ट डीसी. चुकलं तर बंद पडणार तो मालक. हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलमध्ये करंट सोडण्याआधीच्या गोष्टी पाहा. मोटारीच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून हळूहळू चार्ज करायचे, मगच मुख्य काँटॅक्टर, म्हणजे बॅटरीचा मोठा स्विच, जोडायचा. घाईत ही पायरी गाळली, तर काँटॅक्टरचे पॉइंट एकमेकांना वेल्ड होऊन बसू शकतात. मग चावी काढून खिशात टाका, करंट चालूच. अशा गाडीच्या सूचना शेवटाकडून वाचणाऱ्याचा विमा कोण उतरवणार?

म्हणून माझी कल्पना अगदीच नीरस आहे. बॅटरी, काँटॅक्टर, फ्यूज हे सगळं कारखान्यात तपासून सीलबंद पेटीत द्या. सांगाडा, सस्पेन्शन, पत्रा यांत हौशाने खुशाल हात काळे करावेत. ‘मग स्वतः काय बांधलं?’ म्हणून नाकं मुरडली जातील. पण सेव्हनचं इंजिन तरी कोण घरी ओतत होतं? तेही बहुतेकदा फोर्डकडून तयारच यायचं.

आणि किट म्हणजे पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एसी प्रोपल्शन कंपनीची विजेवरची 1997 ची ‘टीझीरो’ आठवावी. किट कारच्याच सांगाड्यावर उभी राहिलेली. आधी लेड-ॲसिड बॅटऱ्या, पुढे लॅपटॉपचे सेल. टेस्लाच्या संस्थापकांना चटक लागली ती हिच्यामुळेच.

आपल्याकडे मात्र नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. कंपनीला ते झेपतं. हौशाने गाडी थेट आरटीओत नेली, तर खिडकीमागचा बाबू वेग विचारणार नाही, बॅटरीही नाही. मान वर न करता म्हणेल, ‘कंपनीचं नाव सांगा.’