उन्हाळी उद्यान-पक्षिनिरीक्षणाची शास्त्रोक्त पद्धती

पक्षिनिरीक्षण म्हणजे पक्षी उडून गेल्यानंतर तो कोणता होता याविषयी सोबत्यांशी वाद घालण्याची शिस्त होय. अहिल्यानगरात वैशाखात ही साधना आरंभू इच्छिणाऱ्याने पहाटेच सिद्धी बाग किंवा गंगा उद्यान गाठावे, कारण ऊन चढल्यावर बहुतेक पक्षी आणि सगळेच नगरकर सावली सोडत नाहीत. गळ्यात ८ × ४२ ची दुर्बीण असावी. यातील पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो, आणि फिरायला आलेली मंडळी मात्र तिच्या किमतीखेरीज काहीही विचारत नाहीत.

अभ्यासाचा आरंभ तांबटापासून करणे इष्ट. हिरव्या पाठीचा, लाल कपाळाचा हा चिमणीएवढा पक्षी भर उन्हातही टुक्-टुक् करीत राहतो. परंतु आवाज काढताना तो मान इकडून तिकडे वळवत असल्यामुळे ठोका दर वेळी वेगळ्या दिशेने आल्याचा भास होतो आणि निरीक्षक झाडाभोवती फिरू लागतो. झाड वडाचे व महिना ज्येष्ठ असल्यास पुरुष निरीक्षकाने दुर्बीण ठळकपणे हातात धरावी, म्हणजे गैरसमज टळतात. त्याच वडावर हरियाल, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेले हिरवे कबूतर, फळे खात बसलेले असू शकते. पानांत बेमालूम मिसळल्यामुळे ते स्वतः दिसत नाही, त्याने पाडलेली फळे तेवढी डोक्यावर पडतात, आणि अशी नोंद ग्राह्य धरावी की नाही याविषयी जाणकारांत मतभेद संभवतात.

कवींनी श्रेय कोकिळेला दिले असले, तरी कुहूकुहू करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. ठिपक्यांची तपकिरी मादी त्या वेळी कावळ्याचे घरटे हेरत असते, कारण अंडी उबवण्याचे काम तिने त्याच्यावर सोपवलेले असते. निरीक्षकाच्या टाळूवर कावळ्याची चोच बसल्यास घरटे जवळच आहे असा निष्कर्ष काढावा व पुराव्याला तेल लावावे. मे महिन्यातच चातक पाहिल्याचे सांगणाऱ्याशी वाद घालू नये. पर्जन्यछायेतील जिल्ह्यात पावसाची आशा मोडणे बरे नव्हे.

दुपारी बागेतला गळका नळ शोधून त्यापासून थोडे दूर, सावलीत, हालचाल न करता बसावे. बुलबुल, साळुंकी, दयाळ, होला यांना पाण्यासाठी तिथे यावेच लागते, त्यामुळे बसणाऱ्याची यादी चालणाऱ्याच्या यादीहून लांब होते, ही गोष्ट व्यायामप्रेमींना सहसा पटत नाही.

एवढे करूनही यादी आखूड राहिल्यास दोष पक्ष्यांना देऊ नये, कारण कातरलेल्या हिरवळीवर त्यांच्या उपयोगाचे फारसे काही नसते. तांबट वाळक्या फांदीत बीळ कोरून अंडी घालतो आणि त्याची वीण उन्हाळ्यातही चालू असते. तेव्हा बाकावर किंवा वाटेवर झुकलेली नसेल, तर अशी फांदी छाटण्याचा अर्ज निदान पावसाळा लागेपर्यंत कोणीही करू नये.