गोळ्यांचा साठाही छापा

क्षयाने देशात वर्षाला सुमारे ३ लाख माणसं मरतात. दिवसाला आठशेच्या वर. करोनाच्या साथीत रोज संध्याकाळी घसा कोरडा पडेपर्यंत आकडा सांगणाऱ्या वाहिन्यांवर हा आकडा कधी ऐकलात? तो कालच्यासारखाच असतो, हाच त्याचा गुन्हा.

जानेवारी २०१२ आठवा. कुठल्याच औषधाला दाद न देणारा क्षय मुंबईत सापडल्याचं हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सांगितलं. कॅमेरे धावले, केंद्राचं पथक धावलं. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं. बोभाटा झाला की यंत्रणा हलते. पुढे कॅमेरे निघून गेले. क्षय मुंबईच्या गोवंडीत मुक्कामालाच राहिला.

बातमीला चेहरा लागतो आणि इथे रुग्ण तोंड लपवतो. पोरीचं लग्न मोडेल म्हणून घरचे ‘छातीत कफ झालाय’ एवढंच सांगतात. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाने लघवी नारिंगी होते. चाळीच्या संडासात ती कुणाला दिसू नये म्हणून बाई बादलीभर पाणी ओतून बाहेर येते. ती कॅमेऱ्यासमोर कशी बसेल? तिच्या वतीने आकड्यांनीच बोलायला हवं.

२०२५पर्यंत क्षय संपवू, असं पंतप्रधानांनी मार्च २०१८मध्ये जाहीर केलं. मुदत सरली, क्षय आहेच. घोषणा ठळक छापणाऱ्यांनी हिशेबही तितक्याच ठळक अक्षरांत मागावा. मार्च २०२४मध्ये गोळ्यांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. गोळ्यांत खंड पडला की जंतू औषधाला निर्ढावतो, आणि तोच निर्ढावलेला जंतू खोकल्यातून शेजाऱ्याकडे जातो.

उन्हाळा लागला की आपण धरणांचा साठा टक्क्यांत छापतो. तसाच जिल्हा क्षयरोग केंद्रातला गोळ्यांचा साठा दर सोमवारी छापा. किती आठवड्यांचा माल शिल्लक, नवे रुग्ण किती, उपचार सुटलेले किती, दगावलेले किती. चार ओळींची जागा लागेल. सोमवारी आकडा छापून येणार हे ठाऊक असलेला अधिकारी गोदाम रिकामं व्हायची वाट पाहत बसणार नाही.