एका तासात काय वाजवणार?

पोस्टरवर नऊ डीजेंची नावं आणि रात्र सात तासांची. कुणाच्या वाट्याला तास येतो, कुणाच्या पाऊण. लंडनमध्ये ब्रेकबीटची रात्र हल्ली बहुतेक अशीच ठरते आणि मला त्याचा मनापासून राग येतो. कुणाकडे बोलून दाखवलं तर उत्तर ठरलेलं असतं, "अगं, एका तिकिटात एवढी माणसं ऐकायला मिळतात, आणखी काय पाहिजे?" मला कमी माणसं पाहिजेत. तिघं पुरेत. त्या तिघांना मात्र पोटभर वाजवू द्या.

पोटभर का, ते ठेक्यातच आहे. हाऊस संगीतात किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, प्रत्येक मात्रेला न चुकता पडते. ब्रेकबीटमध्ये ती नको तिथे पडते, हवी तिथे गाळली जाते, आणि मधल्या रिकाम्या जागांतून स्नेअरचे हलके, अर्धवट दाबलेले ठोके धावत असतात. असे दोन ठेके एकमेकांवर चढवताना वेग जुळणं पुरेसं नसतं. ते बारीक ठोकेसुद्धा एकमेकांच्या फटीत बसावे लागतात. बसले नाहीत तर जिन्यावरून स्टीलचे डबे घरंगळत गेल्यासारखा आवाज येतो. ही जागा ज्याला सापडते त्याच्यामागे वीस-पंचवीस वर्षांची मेहनत असते. हा माणूस समोरची गर्दी बघून आधी अंदाज घेतो, मग एखादी जड बेसलाइन लावून बघतो, लोक बिचकले तर मागे येतो, अनोळखी रेकॉर्ड ओळखीच्या ठेक्याखालून हळूच सरकवतो. यात तास सहज जातो, आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते. नेमकं तेव्हाच पुढचा डीजे खांद्यावर पिशवी अडकवून शेजारी येऊन उभा राहतो.

मग होतं काय, तर प्रत्येक जण आपले दहा-बारा हुकमी रेकॉर्ड एकापाठोपाठ लावून मोकळा होतो. नऊ जण नऊ वेळा रात्र शिखरावर नेतात. चढण कुठेच नसते. यात डीजेचा दोष नाही. पाऊण तासात नवं काही करून बघायचं धाडस कोण करेल?

ब्रेकबीटच्या जुन्या डीजेंची कारकीर्द कशी घडली ते आठवलं की हा हिशेब जास्तच खुपतो. फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर ही जोडी 'हेवन' या क्लबातल्या 'रेज' नावाच्या रात्रीतून वर आली. चेरिंग क्रॉस स्टेशनच्या कमानींखालचा तो क्लब. सुरुवातीला त्यांना वरचा लहान बार मिळाला होता, मुख्य मजला नंतर. दर गुरुवारी तीच जागा, बरेचसे तेच लोक, आणि त्यांच्यासमोर आठवड्यागणिक ब्रेकचा वेग वाढवत नेण्याची मुभा. जंगल हा प्रकार घडण्यात त्या गुरुवारांचा मोठा हात आहे. केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोघी डीजे मैत्रिणींनी, पुढे याच संगीताचा मोठा निर्माता झालेल्या गोल्डीला पहिल्यांदा नेलं ते 'रेज'लाच. १९९४ मध्ये या तिघांनी मिळून 'मेटलहेड्झ' ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि पुढे हॉक्स्टन स्क्वेअरच्या 'ब्लू नोट' या क्लबात त्यांच्या रविवारच्या रात्री भरू लागल्या. एप्रिल १९९९ मध्ये एका कार्यक्रमाहून परतताना रस्त्यावरच्या अपघातात केमिस्ट्री गेली. स्टॉर्म एकटीने वाजवत राहिली. एवढं आयुष्य मागे असलेल्या बाईचं नाव पोस्टरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं मी पाहिलं आहे. वरच्या मोठ्या अक्षरांत कोण, तर ज्याच्या नावावर सध्या जास्त तिकिटं खपतात तो.

त्याच 'ब्लू नोट'मध्ये सोमवारी तबलावादक तलविन सिंगची 'अनोखा' ही रात्र असे. जंगलच्या तुटक ठेक्यांवर तबला वाजायचा, आणि तो शोभेपुरता आणून ठेवलेला नसायचा. १९९७ मध्ये त्या रात्रीच्या नावाने एक संग्रह निघाला आणि १९९९ मध्ये तलविनच्या 'ओके' या अल्बमला ब्रिटनमधलं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. पुढे 'तबला बीट सायन्स' या गटात झाकीर हुसेन, शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू आणि आपले काळे आडनावाचे कर्श एकत्र आले. यातलं बरंच काही आठवड्याच्या ठरलेल्या रात्रींमधून उगवलं. घाई नव्हती म्हणून उगवलं. आता 'आशियाई रात्र' म्हणून वर्षातून एकदा जे लावतात, त्यात तबलजीला पंधरा मिनिटं देतात आणि त्याचा माइक बेसखाली बुडवून टाकतात. तबल्याची चाट ऐकू येत नसेल तर त्याला बोलावू नये.

शतक बदलताना आलेली 'न्यू स्कूल ब्रेक्स'ची पिढी माझी विशेष लाडकी आहे: रेनी पिलग्रेम, ॲडम फ्रीलंड, प्लम्प डीजेज, स्टँटन वॉरियर्स, क्राफ्टी कट्स. स्मिथफील्डच्या मटण बाजारासमोर ऑक्टोबर १९९९ मध्ये 'फॅब्रिक' हा क्लब उघडला, आणि त्याच्या शुक्रवारच्या रात्रींच्या नावाने निघणाऱ्या सीडी मालिकेत यातल्या बऱ्याच जणांना जागा मिळाली. प्लम्प डीजेज आठव्या क्रमांकावर, फ्रीलंड सोळाव्या, स्टँटन वॉरियर्स तिसाव्या, क्राफ्टी कट्स चौतिसाव्या. सीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात. म्हणजे घरी सोफ्यावर बसून ऐकायला मला जेवढा वेळ मिळत होता, तेवढाही आता तिकीट काढून, रात्रभर उभं राहून मिळत नाही. लंडनमध्ये ब्रेक्सची चलती ओसरली तेव्हा यातल्या अनेकांनी अंदालुसिया, ऑस्ट्रेलिया, फ्लोरिडा अशा ठिकाणी, जिथे लोक अजून या ठेक्यावर नाचत होते तिथे, विमानं पकडून धंदा जिवंत ठेवला. अशा माणसाला परत बोलावून पावणेबारा ते साडेबारा अशी वेळ देणं मला अपमानाचं वाटतं. त्यांना तसं वाटत नसेल, तरी मला वाटतं.

आणि ती वेळसुद्धा आधी सांगत नाहीत. कोण कधी वाजवणार हे रात्रीच्या तोंडावर कळतं, कधी आत गेल्यावर, कधी कळतच नाही. लोकांनी लवकर यावं आणि बारवर पैसे खर्च करावेत हा त्यामागचा विचार मला समजतो. पण शेवटची ट्यूब चुकली तर रात्रीची बस पकडून दीड तास घालवावा लागणाऱ्याने काय करायचं? नाटकाच्या जाहिरातीत वेळ असते, रेल्वेच्या फलाटावर असते. डीजेच्या नावापुढे चार आकडे छापायला शाई किती लागते?

आत गेल्यावर डीजेच्या अगदी समोर, जिथे आवाज सगळ्यात नीट लागतो, तिथे गप्पांचा अड्डा जमलेला असतो. घरभाडं, ऑफिसातला नवा साहेब, कुणाचं लग्न मोडलं. मागे बार आहे, बाहेर सिगारेट ओढायचं अंगण आहे, तरी हे बोलणं मुख्य स्पीकरसमोरच ओरडून करायचं असतं. दुसरा प्रकार मोबाइलवाल्यांचा. ठेका तुटून बेस परत येणार, त्या एका क्षणासाठी शंभर हात वर जातात आणि सगळे जागच्या जागी थांबतात, कारण चित्र हलायला नको. ज्या क्षणी नाचायचं त्याच क्षणी थांबायचं! डीजे इतका वेळ ज्याची तयारी करत होता ते पुतळ्यांसमोर वाजतं. तिसरे म्हणजे डेकवर वाकून, हेडफोन लावलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावून फर्माईश करणारे. त्या वेळी त्याच्या एका कानात पुढचा रेकॉर्ड असतो. हात लावू नका, एवढंच सांगायचं आहे.

यापेक्षा जुनं एक दुखणं आहे. या सगळ्या नाचाच्या मुळाशी 'द विन्स्टन्स' या बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यातले ड्रमचे जेमतेम सात सेकंद आहेत. ते ग्रेगरी कोलमनने वाजवले. त्या तुकड्याचे काप करून, वेग वाढवून हजारो रेकॉर्ड निघाले. कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ मध्ये तो अटलांटात बेघर अवस्थेत वारला. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या डीजेंनी सुरू केलेल्या वर्गणीतून सुमारे २४,००० पौंड मिळाले. ही चांगली गोष्ट झाली, पण ती फार उशिरा झाली. क्लबच्या भिंतींवर बिअरच्या कंपन्यांची नावं दिव्यांत झळकतात. कोलमनचं नाव एकदा तरी झळकलेलं मला बघायचं आहे. फोटो नको, नुसतं नाव.

राहिला रात्रीचा पहिला डीजे. दार दहाला उघडतं आणि दहाला जो वाजवतो तो बहुधा विशी-पंचविशीतला असतो, महिनाभर या तासाची तयारी करून आलेला. त्याच्या वेळी वरचे पांढरे दिवे चालूच असतात. बारवाला बर्फाच्या पिशव्या आपटतो आणि ध्वनियंत्रणेवरचा माणूस बेस अर्ध्यावर ठेवून जेवायला गेलेला असतो. फॅबिओ आणि ग्रूव्हरायडरही वरच्या लहान बारमधूनच खाली आले, हे आयोजकांना माहीत नसेल असं नाही. पुढच्या पिढीतलं जे कोणी येणार ते या दहाच्या तासातूनच येणार. त्या वेळी आम्ही मोजकी माणसं भिंतीला न टेकता मजल्यावर उभी असतो. दिवे मालवा आणि बेस पूर्ण सोडा. तिकिटावर दहाची वेळ छापली आहे आणि आम्ही दहाचे पैसे भरले आहेत.