डॉकात चिकटला!

माझगावात पोरगा इंजिनीअर झाला की घरचे अजूनही विचारतात, ‘डॉकात काही जमतंय का?’ आयटीत पगार जास्त, पण उद्या सकाळी लॅपटॉप उघडेल की नाही, हे देवालाच ठाऊक. माझगाव डॉक १९६० पासून सरकारी. एकदा चिकटला की थेट ग्रॅच्युइटी!

चिकटण्याचीही गंमत असते म्हणा. १९९२ला ‘शल्की’ आणि १९९४ला ‘शंकुल’ या पाणबुड्या इथेच बांधल्या. जर्मनांकडून शिकलेले वेल्डर, इंजिनीअर सगळे हजर. फक्त पुढची पाणबुडी गैरहजर. जर्मन सौद्यात दलालीचा आरोप झाला, ऑर्डर आटल्या आणि स्कॉर्पीन पाणबुड्यांच्या कराराला २००५ उजाडलं. तोवर नोकरी शाबूत, हातातली विद्या मात्र गंजली.

आता उलटं. कामाला तोटा नाही, २०२४मध्ये ‘नवरत्न’ दर्जाही मिळाला. पण कामगार भरतीची जाहिरात नीट वाचा: ‘ठरावीक मुदतीचा करार’. रत्न कायम, कोंदण कंत्राटी. २०२०मध्ये १४५ रुपयांना आलेला शेअर मात्र कुठच्या कुठे गेला. त्यामुळे हल्ली मुलीकडचेही पगाराची स्लिप मागत नाहीत. चहाचा कप खाली ठेवत हळूच विचारतात, ‘डॉकात आहेत, ते बरंच आहे. पण डॉकचे शेअर किती आहेत?’