केसभर मागे

मेळघाटातल्या सेमाडोहला बदली झाली तेव्हा हितचिंतकांनी मला वाघाची, अस्वलाची आणि पावसाळ्यातल्या घाटरस्त्याची भीती घातली. कटिंगची भीती कुणीच घातली नाही. गावात कटिंगवाले दादा आहेत. हात हलका, गप्पा भारी. पण दिवाळीला म्हणून ते आपल्या गावी गेले की तुळशीचं लग्न उरकून तुळस संसाराला लागली तरी परतत नाहीत. मग डोकं घेऊन परतवाडा गाठायचा. सुमारे ५० किलोमीटर घाट. जाताना पोटात ढवळतं, येताना मानेवरचे केस टोचतात.

म्हणून एका डिसेंबरात मी कपाटातली मशीन बाहेर काढली. ती २०२०च्या टाळेबंदीतली. त्या वर्षी महाराष्ट्रातली सलून २८ जूनला उघडली, तीही फक्त केस कापायला. दाढीला परवानगी नव्हती. तोवर माझ्या डोक्याचं मेळघाट झालं होतं. मशीन ७९९ रुपयांना घेतली आणि वहीत हिशेब मांडला: कटिंगचे ८० धरले, तर दहाव्या कटिंगला मशीन फुकट. तेवढ्यात सलून उघडली. मशीन कपाटात गेली, हिशेब वहीत राहिला.

आता तिला चार्जिंगला लावलं. सोबत आलेली तेलाची इवलीशी कुपी केव्हाच वाळली होती. माहितीपत्रकात ‘पात्यावर दोन थेंब तेल टाका’ एवढंच लिहिलेलं. आमच्या घराण्यात तेल म्हणजे खोबरेल. दोनाचे चार थेंब टाकले आणि अंघोळीला गेलो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, हे मी दर हिवाळ्यात पोरांना बाटली उलटी करून शिकवतो. पण वर्गातलं ज्ञान घरी न आणण्याची शिस्त मी नोकरीभर पाळली आहे.

ओल्या केसांनीच आरशासमोर उभा राहिलो. चार नंबरचा कंगवा लावला, म्हणजे १३ मिलिमीटर केस शिल्लक राहणार. कानावरचा भाग बरा गेला. मग हात मागे नेला. आरशात उजवीकडे जायचं तर हात डावीकडे जाई. मशीन आधी गुणगुणली, मग कण्हली. ओले केस पात्यात चिकटले, तेलाचा थर बसला. मी जोर लावला. ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढची ओळ एकदम सुरळीत गेली. इतकी सुरळीत, की मला शंका यायला हवी होती. कंगवा बेसिनमध्ये पडला होता. शंका आली तेव्हा मशीन बंद पडली. तीन वर्षं उपाशी ठेवलेली बॅटरी एका जेवणावर किती धावणार?

टॉवेल गुंडाळून ओसरीवर आलो, तर शेजारचे वनरक्षक उभे. त्यांनी मागून निरखून पाहिलं.

“सर, लयच लवकर काढली जाळरेषा! आमची त फेब्रुवारीत होते.”

वणवा पसरू नये म्हणून जंगलात गवत कापून-जाळून पट्टा मोकळा करतात, ती जाळरेषा. माझ्या डोक्यावर वणव्याची भीती नव्हती, जंगलच विरळ. आमच्याकडे सिपना नदी आहे. सिपना म्हणजे कोरकूत साग. साग उन्हाळ्यात पानं गाळतो आणि पावसाळ्यात परत मिळवतो. माझ्या डोक्याने सागाकडून पहिलीच गोष्ट उचलली आहे.

बायको आली. तिने मशीन हुंगली.

“अहो, खोबरेल टाकलं? हे काय भजे तयाची कढई होय?”

ती शिलाई मशीन चालवते. तिने दोन स्क्रू काढून पाती सोडवली, जुन्या टूथब्रशने केस झाडले (ब्रश जुना नव्हता, माझा होता), गोठलेलं तेल फडक्याने पुसलं. पाती पुन्हा बसवली, मशीन चालू करून दातांवर शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब सोडले आणि जास्तीचं टिपून घेतलं. मशीन मधमाशीसारखी गाऊ लागली. “आता मान खाली,” ती म्हणाली. गळ्याभोवती चादर बांधलेल्या माणसाला घरात मत नसतं. त्या वीस मिनिटांत मी गॅलरीची जाळी, मेहुण्याचं लग्न आणि नवा मिक्सर अशा तीन गोष्टींना होकार दिला.

एकच उणीव राहिली. मानेवर लाल ओरखडे उठले. आठवड्याने दादा परतले, तेव्हा मशीन घेऊन दुकानात गेलो. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर. सेना पूजेत गुंतले तेव्हा विठ्ठलच धोकटी घेऊन राजाची हजामत करायला गेला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तसबिरीकडे पाहताना लक्षात आलं, की देवानेही दुसऱ्याचीच हजामत केली. स्वतःचं डोकं स्वतः भादरण्याच्या फंदात तोही पडला नाही.

दादांनी पातं पाहिलं. “सर, वरचं पातं लय पुढं बसलं. ते खालच्यापरीस केसभर मांगं पायजे. नाही त केसासंग कातडं बी घेते.” नखाने पातं सरकवलं, स्क्रू आवळला. पैसे घेतले नाहीत. त्या संकोचापायी मी आता दर रविवारी त्यांच्याकडे दाढी करतो. वहीत मशीन ७९९, शिलाईचं तेल २०, टोपी १५०, मिक्सरचा आकडा लिहवत नाही.

उठताना दादांनी माझी मान दिव्याकडे वळवली. “मांगून कोणं कापले?”

“घरच्यांनी.”

“हात चांगला हाय. दिवाळीत दुकान सांभायतीन काय, इचारा.”

मी घरी विचारलेलं नाही. ज्याच्या हातात मशीन आहे आणि ज्याच्यापुढे आपली मान आहे, त्या माणसाला इतकी प्रशस्ती कळवू नये.